पाहिलंस तेवढंच सांग

"कशा आहात, बाई?" असं त्यांना विचारायची पनवेलमध्ये फारशी कुणाची छाती होत नसे. कारण त्या खरंच सांगत. आधी दोन-तीन क्षण गप्प राहत, कुठे काय दुखतंय ते आतल्या आत चाचपून पाहिल्यासारखं करत आणि मग म्हणत, "डावा गुडघा कालपासून धरलाय. झोप बरी लागली. मनात थोडा राग आहे, पण तो तुमच्यावर नाही." विचारणारा बिचारा हातात भाजीची पिशवी घेऊन घाईनं निघालेला असे. त्याला "ठीक आहे" एवढंच ऐकायचं असे. पण ठीक असल्याखेरीज ठीक म्हणायचं नाही, हा त्यांचा नेम होता. आणि बोलण्याआधी त्या थांबत, म्हणून नवख्या माणसाला वाटे, म्हातारीला ऐकायला कमी येतं.

गाव त्यांना नर्सबाई म्हणायचं. मीही बाईच म्हणत असे. नाव इथे लिहीत नाही. आपलं नाव छापून आलेलं त्यांना आवडलं नसतं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी नगरकडची, बावीस वर्षांची, ट्रेनिंग पुरं करून पनवेलच्या मुलींच्या शाळेत लागले होते. गावात आमच्या ख्रिस्ती मंडळींची घरं अगदी थोडी. पाळकसाहेबांनी मला बाईंच्या घरची मागची खोली मिळवून दिली. वडाळे तळ्याच्या मागे त्यांचं बुटकं कौलारू घर होतं. ओटीवर एक लांब बाकडं, बाकड्याखाली त्यांची काळी बॅग. एका इस्पितळात पंचवीस वर्षं नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण बॅग काही निवृत्त झाली नव्हती. कळंबोली, तळोजा, कुठून कुठून बैलगाड्या यायच्या आणि बाई पांढऱ्या पातळाचा पदर खोचून गाडीत चढायच्या.

मी राहायला गेले त्याच आठवड्यात नवं पातळ नेसून त्यांच्यापुढे उभी राहिले. डाळिंबी रंगाचं होतं. पहिल्या पगारातलं.

"कसं दिसतं, बाई?"

त्या थांबल्या. मला वाटलं, ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारणार तेवढ्यात म्हणाल्या, "रंग तुला शोभत नाही. पण तू इतकी आनंदात आहेस ना, की ते बघायला बरं वाटतंय. नेसून जा."

मी रुसले. पण शाळेत नेसून गेले आणि संध्याकाळी लक्षात आलं की दिवसभर माझ्या पातळाची तारीफ करणाऱ्या कुणाचंच बोलणं मला आठवत नव्हतं. बाईंचं मात्र शब्दन् शब्द आठवत होतं.

उपासनेत तर त्यांची तऱ्हा औरच. आम्ही सगळे गायन गात असताना बाई मध्येच एखादी ओळ सोडून देत. तोंड मिटून शांत उभ्या राहत आणि पुढच्या ओळीला पुन्हा सूर धरत. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, "त्या ओळीत आहे, मला कशाची म्हणून भीती वाटत नाही. आणि मला पालीची भीती वाटते. परवाच किंचाळले, तू ऐकलंस की. मग देवापुढे उभं राहून कशी म्हणू?"

"पण बाई, ते पालीबद्दल नाहीये."

"मग तसं लिहायला हवं होतं."

प्रार्थनेच्या शेवटी 'आमेन' म्हणायचं तेही असंच. पटलं तर मोठ्यानं, नाही तर अजिबात नाही. मी यायच्या आधीची एक गोष्ट पाळकसाहेब स्वतःच हसत हसत सांगायचे. त्यांनी एका रविवारी शेजाऱ्यांना क्षमा करण्याबद्दल लांबलचक प्रार्थना केली. सगळी मंडळी आमेन म्हणाली, बाई गप्प. त्यांचं तेव्हा शेजारणीशी मोरीच्या पाण्यावरून वाजलं होतं. बुधवारी दुपारी पाळकसाहेब जेवायला बसले असताना दाराशी बाई उभ्या. हातात छत्री, श्वास लागलेला. "आमेन," म्हणाल्या आणि वळून चालायला लागल्या. पाळकसाहेबांच्या पत्नी चकित होऊन विचारत राहिल्या, "अहो, पण कशाला आमेन?" त्याच सकाळी शेजारणीच्या घरी बसून बाई चहा पिऊन आल्या होत्या.

बाईंच्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या मोलकरणीला दुसरीकडे काम हवं होतं. तिनं चिठ्ठी मागितली. बाईंनी लिहिलं: 'ही उशिरा येते, पण येते. भांड्यांना थोडी राख राहते. लहान मूल हिच्याजवळ निर्धास्त सोडावं.' मी म्हटलं, अशी चिठ्ठी दिलीत तर तिला कोण ठेवेल? पण ठेवलं. एका वकिलाच्या घरी, मूल सांभाळायला. वकील म्हणाले होते म्हणे, की ज्या चिठ्ठीत राखेचा उल्लेख आहे तिच्यातलं शेवटचं वाक्य खरंच असणार.

गावोगावच्या लोकांनाही त्यांचा हा स्वभाव ठाऊक होता. कळंबोलीहून एक म्हातारा सुनेला घेऊन आला होता. ओटीवर बसून मला म्हणाला, "नर्सबाय खोटं बोलत नाय, म्हनून आमी हितं येतो. आन् खोटं बोलत नाय, म्हनूनच यायला भ्या पन वाटतं." आतून बाई आल्या आणि त्याच्याजवळ बाकड्यावर बसल्या. त्याला म्हणाल्या, "बाळ आडवं आहे. अवघड आहे. पण वेळेवर आणलीत. मी तिच्याजवळून हलणार नाही." म्हाताऱ्यानं डोकं हलवलं. म्हणाला, "मंग ठीक हाय." पोरगी वाचली, बाळही वाचलं. नसतं वाचलं तरी त्या म्हाताऱ्यानं बाईंवर विश्वास टाकलाच असता, असं मला त्याच्या चेहऱ्याकडे बघून वाटलं होतं.

हे सगळं मी बघत होते, गमतीनं पत्रांतून घरी कळवत होते. आपल्यावर कधी त्याची पाळी येईल हे मनातही आलं नव्हतं.

आमच्या मंडळीत एक प्रचारक होते. कडक, सरळ, बोलणं मोजकं. त्यांची मुलगी कृपा माझ्याच शाळेत शिवणकाम शिकवायची. तिचं लग्न नाशिककडच्या एका शिक्षकाशी ठरलं होतं. मे महिन्यात लग्न. आम्हा दोघींची चांगली मैत्री होती, आणि खरं सांगायचं तर तिचा मला थोडा हेवाही वाटायचा.

एका शनिवारी घरून आलेलं गाठोडं आणायला मी एसटी स्टँडवर गेले. तिथे चहाच्या टपरीमागे कृपा दिसली. तिच्यासमोर एक माणूस होता. दाढी वाढलेली, सदरा मळका. कृपानं त्याला डबा दिला. ती रडत होती. त्यानं तिचा हात हातात धरला होता. मी हाक न मारता परत फिरले.

गुरुवारी दुपारी आमच्या भगिनी मंडळाची प्रार्थनासभा असे. आम्ही सात-आठजणी वनखात्यातल्या कारकुनांच्या घरी जमायचो. त्यांच्या पत्नी मंडळाच्या प्रमुख होत्या. त्या दिवशी कृपा आली नव्हती. एकेकीनं प्रार्थना करायची होती. माझी पाळी आली तेव्हा मी डोळे मिटले आणि म्हणाले, "हे प्रभू, आमच्यातल्या एका बहिणीचं लग्न जवळ आलं आहे. तिचं नाव तू जाणतोस. एसटी स्टँडवर परक्या पुरुषाच्या हातात हात देण्याच्या मोहापासून तू तिला सोडव. तिचं पाऊल घसरू देऊ नकोस."

आमच्यात लग्न ठरलेली बहीण एकच होती. नाव घ्यायची गरजच नव्हती.

आमेन नेहमीपेक्षा मोठ्यानं झालं. मी डोळे उघडले. सगळ्याजणी एकमेकींकडे बघत होत्या. बाई खाली बघत होत्या. त्या आमेन म्हणाल्या नव्हत्या.

घरी येताना त्या एक शब्द बोलल्या नाहीत.  मनात म्हटलं, मी कुणाची निंदा थोडीच केली. मी तर प्रार्थना केली.

त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांत प्रचारकांना नाशिकहून पत्र आलं. मुलीच्या वागणुकीबद्दल जे कानावर आलं आहे ते पाहता हा संबंध होऊ शकत नाही, असं. बातमी कुणाच्या तोंडून, कुणाच्या पत्रातून नाशिकला पोचली ते मला तेव्हा माहीत नव्हतं. सुरुवात कुठून झाली ते मात्र माहीत होतं. कृपा शाळेत येईनाशी झाली.

त्या रविवारी सकाळी बाई ओटीवर सुपात तांदूळ घेऊन निवडत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "इकडे ये. बस."

मी बसले.

"त्या शनिवारी स्टँडवर तू काय पाहिलंस?"

"कृपा एका माणसाबरोबर—"

"बरोबर म्हणजे? पाहिलंस तेवढंच सांग."

"ती उभी होती. एक माणूस समोर होता. तिनं त्याला डबा दिला. ती रडत होती. त्यानं तिचा हात धरला."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

बाईंनी सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. "मग मोह कुठे दिसला तुला?"

 मी म्हटलं, "बाई, मी वाईट हेतूनं नाही... मी प्रार्थनेत म्हटलं होतं."

"तेच तर. एरवी बोलली असतीस तर कुणी विचारलं असतं, तुला कसं ठाऊक? प्रार्थनेला कोण उलटं विचारणार? देवाच्या कानात सांगतेस असं दाखवलंस आणि सांगितलंस आम्हा सगळ्यांच्या कानात."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. सूप बाजूला ठेवलं आणि मग जे म्हणाल्या ते मला अपेक्षित नव्हतं.

"तुझ्या एकटीचं नाही हे. तो माणूस कोण, ते मला त्या दिवशीही ठाऊक होतं. तो तिचा भाऊ. थोरला. हातभट्टीच्या दारूच्या प्रकरणात सहा महिने तुरुंगात होता. बापानं घराबाहेर काढला, घरात त्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून बजावलं. कृपा शनिवारी त्याला चोरून डबा नेऊन देते. त्याच्या पायाला जखम आहे, पट्टी बांधायला माझ्याकडेच येतो. कुणाला सांगणार नाही असा मी दोघांना शब्द दिलाय. तुला सांगते आहे ते काल कृपाला विचारून. तुला कळायलाच हवं, म्हणाली." त्या थांबल्या. "त्या गुरुवारी मी आमेन म्हटलं नाही आणि मला वाटलं, माझं काम झालं. माझी जीभ स्वच्छ राहिली. अगं, तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं की थांबा, ही मुलगी काय बोलतेय ते तिला ठाऊक नाही. त्याला भावाचं नाव सांगायची गरज नव्हती. मी गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याचा सगळ्यांनी होकार धरला."

"आता काय करायचं?"

"जिथे जिथे ऐकलं गेलं तिथे जायचं. मी येते."

आम्ही त्याच दुपारी निघालो. मी पुढे, बाई मागे, छत्री टेकत. पहिल्या दोन घरांत फार अवघड गेलं नाही. मी दारातच सांगून टाकलं की मी कृपाबद्दल जे बोलले ते मला ठाऊक नसताना बोलले, मी चुकले. एकीनं पाणी दिलं, दुसरी म्हणाली, "असू दे, होतं कधीकधी." तिसरं घर वनखात्यातल्या कारकुनांचं. त्यांच्या पत्नींनी मला समोर बसवलं आणि विचारलं, "बरं, ठाऊक नव्हतं ना? मग आता ठाऊक झालं असेल. कोण होता तो?"

"ते सांगायचं काम माझं नाही."

"म्हणजे सांगण्यासारखं नाही, असंच ना?"

मी बाईंकडे पाहिलं.  नाव सांगावं तर कृपाचा विश्वास मोडतो, न सांगावं तर पहिल्यापेक्षा वाईट अर्थ निघतो. खोटं काही सांगून टाकावं असंही क्षणभर वाटलं; लांबचा नातेवाईक होता म्हणावं आणि सुटावं.

 तेवढ्यात बाई म्हणाल्या, "तो कोण ते मला ठाऊक आहे. सांगणार नाही, कारण मी शब्द दिलाय. पण त्यात कृपाला खाली मान घालावी लागेल असं काही नाही. उलट, त्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर आपल्याला इतकं धैर्य झालं नसतं. एवढं माझ्या शब्दावर ठेवा."

कारकुनांच्या पत्नी बाईंकडे बघत राहिल्या. पालीच्या भीतीमुळे गायनातली ओळ सोडणारी ही बाई. चिठ्ठीत राख लिहिणारी. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असणार," म्हणाल्या. मग जरा वेळानं, "मीच माझ्या जावेला लिहिलं होतं. नाशिकला."

पुढची घरं दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर झाली. शेवटचं प्रचारकांचं. ते ओसरीवर बसले होते. आठवड्याभरात म्हातारे झाल्यासारखे दिसत होते. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. "मी तुमच्या मुलीबद्दल खोटं बोलले. मला माफ करा, असं म्हणायचीही मला लाज वाटते."

"मास्तरीणबाई," ते म्हणाले, "ती स्टँडवर कुणाशी तरी बोलत होती, हे तरी खरं ना? मी तिला विचारलं, ती सांगत नाही. मी काय समजायचं?"

आतल्या दाराशी कृपा उभी होती. ती कधी आली मला कळलं नाही. तिनं चौकट धरली होती.

"दादा होता, बाबा," ती म्हणाली. "दर शनिवारी असतो. मी त्याला जेवण नेते."

त्या घरात दीड वर्षं तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. प्रचारकांचा चेहरा आधी ताठ झाला. मला वाटलं, आता ते ओरडतील. बाई एक पाऊल पुढे झाल्या.  मग प्रचारकांनी, मुलीकडे न बघता, अगदी हळू विचारलं, "जेवतो का तो नीट?"

कृपा म्हणाली, "डबा रिकामा परत येतो."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आम्ही बाहेर पडलो.

पुढच्या शनिवारी डबा न्यावा लागला नाही. भाऊ लंगडत घरी आला. त्याचं आणि बापाचं लगेच सूत जुळलं असं नाही. पण ताट मांडलं गेलं.

नाशिकचं लग्न मात्र गेलं ते गेलंच. मी त्या लोकांना स्वतः पत्र लिहिलं, कारकुनांच्या पत्नींनी जावेला लिहिलं. उत्तर आलं की मुलाचं दुसरीकडे ठरलं आहे. कृपा शाळेत यायला लागली. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले तेव्हा ती म्हणाली, "मी तुला माफ केलंय. पण पहिल्यासारखं बोलायला मला वेळ लागेल. खोटं कशाला बोलू?" जवळजवळ वर्ष लागलं. ती नंतर नर्सिंगला गेली, बाईंनीच तिला पाठवलं, आणि पुढे तिनं आपल्या पसंतीनं चांगलं लग्न केलं. पण त्या मे महिन्यात तिच्या वाट्याला जे आलं ते माझ्या चार वाक्यांनी आलं होतं. ते मी विसरले नाही. विसरावंसंही वाटत नाही.

हे सगळं झाल्यावर काही दिवस गेले. एका दुपारी मी वह्या तपासत होते. बाई येऊन शेजारी बसल्या.

"मलाही एका घरी जायचंय," म्हणाल्या. "सात वर्षं झाली, गेले नाही."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्यांना मुलगा आहे. मुंबईला गोदीत नोकरीला. सात वर्षांपूर्वी त्याच्या बायकोचं पहिलं बाळंतपण बाईंनी याच घरात केलं होतं. सुनेच्या अंगावर सूज होती, दोन दिवस डोकं दुखत होतं, पण मुलाला सुट्टी मिळेना म्हणून ती मुंबईहून उशिरा आली. बाळ मेलेलंच जन्माला आलं. शेजारच्या बायका ओटीवर जमल्या होत्या. आणि बाई, त्या बाळाला फडक्यात गुंडाळून हातात घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या होत्या, "दोन दिवस आधी आला असतात तर जगलं असतं."

सून आत खाटेवर पडली होती. तिनं ऐकलं. ती थोडी बरी झाल्याबरोबर मुलगा तिला घेऊन गेला. पुन्हा आला नाही.

"मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले," बाई म्हणाल्या, "की मी खरं तेच बोलले. वाक्य खरंच होतं. आजही कुठल्याही डॉक्टरला विचार. पण मी ते कुणासाठी बोलले? तिला त्याचा काय उपयोग होता? बाळ माझ्या हातून गेलं नाही, हे बाहेर बसलेल्या बायकांना कळावं म्हणून बोलले. माझ्या नावाला धक्का लागू नये म्हणून. आणि ते ओझं ठेवलं कुणावर? जिची कूस नुकतीच रिकामी झाली होती तिच्यावर."

 मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही.

त्या पत्र लिहायला बसल्या. मुलाला नाही, सुनेला. चार ओळींचं पत्र, पण पंधरा दिवस चाललं होतं. लिहायच्या, वाचायच्या, फाडायच्या. मी एकदा विचारलं, काय अडतंय? म्हणाल्या, "प्रत्येक वेळी शेवटी 'पण' येतो. मी चुकले, पण माझा हेतू तसा नव्हता. मी चुकले, पण मीही दमले होते. तो 'पण' निघेपर्यंत पत्र टाकायचं नाही." एका सकाळी त्यांनी पाकीट चिकटवलं आणि स्वतः चालत जाऊन पेटीत टाकलं.

उत्तर महिनाभर आलं नाही. त्या पोस्टमनला काही विचारत नसत. फक्त त्याच्या वेळेला ओटीवर बसत. शेवटी एक कार्ड आलं. सुनेच्या हातचं. 'शनिवारी सकाळच्या लाँचनं मोऱ्याला उतरते. घर सापडेल, पण तुम्ही घ्यायला यायचं म्हणत असाल तर या.'

"तू चल," बाई मला म्हणाल्या. "एकटीनं जायची मला भीती वाटते."

पनवेलहून एसटीनं उरण, तिथून टांग्यानं मोरा बंदर. आम्ही फार लवकर पोचलो. ओहोटी लागली होती. समुद्र मागे सरला होता आणि धक्क्यापासून पुढे सगळा काळा चिखल. लाँच लांबच थांबली आणि माणसं होडक्यातून अलीकडे येऊ लागली. होडकंही चिखलाच्या कडेला थांबे; तिथून घोटाभर चिखल तुडवत यायचं. कोळणी टोपल्या घेऊन सराईतपणे येत होत्या.

दुसऱ्या होडक्यात ती होती. सडपातळ, निळं पातळ, एका हातात पत्र्याची पेटी. आणि तिच्या कडेवर साडेतीन-चार वर्षांची मुलगी.

मुलीचं कुणी कळवलं नव्हतं. कार्डात तिचा उल्लेख नव्हता. बाईंनी माझा दंड घट्ट धरला, मग सोडला, आणि पातळ वर खोचून सरळ चिखलात उतरल्या.

होडीवाला ओरडला, "ओ बाय, थांबा तिथंच, रुताल! आमी आनतो त्यांना!"

बाई थांबल्या नाहीत. मी मागोमाग उतरले. पासष्टीची बाई, दुखरा गुडघा, चिखलात एकेक पाय उपसत त्या होडक्यापर्यंत गेल्या. सून उभी राहून बघत होती. तिचा चेहरा मला वाचता येत नव्हता.

"मी त्या दिवशी बोलले," बाई म्हणाल्या, "ते माझी अब्रू राखायला बोलले. तुझा काही दोष नव्हता. मला माफ कर."

एवढंच. पाणी होडक्याला लागून हलके आवाज करत होतं. सुनेचे डोळे भरून आले, पण ती रडली नाही. ती म्हणाली, "मी सात वर्षं रोज ते दोन दिवस मोजलेत, आई."

"ठाऊक आहे."

"हे आले नाहीत. अजून त्यांचं मन होत नाही."

"बरोबर आहे."

सुनेनं मुलीला कडेवरून उचललं आणि बाईंच्या पुढे केलं. "हिला धरा," म्हणाली. "मला उतरायचंय."

बाईंनी मुलीला घेतलं. किती बाळं त्या हातांनी झेलली होती, पण हिला कसं धरावं ते क्षणभर त्यांना सुचेना. मी पेटी घेतली. सून चिखलात उतरली, घसरली, आणि तिनं बाईंच्याच खांद्याचा आधार घेतला. अशा त्या तिघी धक्क्यापर्यंत आल्या.

परतीच्या एसटीत मुलगी खिडकीशी बसली, बाईंच्या मांडीवर. तिला आजी नवी होती आणि रस्ताही नवा, त्यामुळे प्रश्न संपत नव्हते. ते काय, हे कुणाचं, तो बैल कुठे चाललाय. उरण मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना मिठागरं लागली. उन्हात पांढरे ढीग चमकत होते.

"ते काय?"

"मीठ."

"एवढं सगळं?"

"हो."

"एवढं मीठ कोण खातं?"

"सगळे खातात," बाई म्हणाल्या. "थोडं थोडं."

मुलगी विचारात पडली. मग आईकडे बोट दाखवून म्हणाली, "ही खूप घालते. बाबा रोज ओरडतात."

सून खिडकीबाहेर बघत होती. तिनं पदर तोंडाला लावला, खांदे हलले. मला वाटलं, आता रडते. पण ती हसत होती. हसू आवरेना तिला. आणि तिच्याकडे बघून बाईही, मांडीवरच्या पोरीला घट्ट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.